ओर्लाचा उजवा हात

जून लागला की डब्लिनमध्ये ऊन पडतं, आणि तेही नेमकं परीक्षेच्या दिवशी. मे महिनाभर छत्र्या, स्वेटर, राखाडी आभाळ. लीव्हिंग सर्टचा, म्हणजे इथल्या बारावीचा, पहिला पेपर ज्या सकाळी असतो त्याच सकाळी ढग कुठे जातात कोण जाणे. या उन्हाला इथे नावच आहे, 'एक्झाम वेदर'. पोरं त्याला शिव्या घालत आत जातात आणि त्यांच्या आया गेटपाशी उभ्या राहून एकमेकींना सांगतात, "बघ, दरवर्षी असंच."

आज सकाळी ऑफिसची खिडकी उघडली आणि मैदानावरच्या कापलेल्या गवताचा वास आत आला. ओला, हिरवा, थोडा कडवट. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं आपोआप पेन धरल्यासारखी जुळली. चार वर्षं झाली, पण हाताला अजून आठवतं. खरं तर ती आठवण दुसऱ्याच कुणाची आहे.

डब्लिनच्या उत्तरेला, ब्युमॉन्टच्या जवळ, आमचं कम्युनिटी कॉलेज. कॉलेज म्हणायचं, पण दिवसा ती शाळाच, आणि संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग. हेमंत, माझा नवरा, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. आम्ही नागपूरहून आलो, आणि दोनेक वर्षं घरात बसून पाऊस बघितल्यावर मला या शाळेत नोकरी मिळाली. नेमणुकीच्या पत्रावर पदाचं नाव इतकं लांब होतं की आईला फोनवर सांगताना मी मधे श्वास घेतला: अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑपरेशन्स टेक्निशियन. आई म्हणाली, "म्हंजे करतं काय तू?" मी म्हटलं, झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद काढते, वेळापत्रक कॉम्प्युटरवर चढवते, घंटा वेळेवर वाजते का बघते आणि हरवलेल्या किल्ल्या शोधते. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातली ज्येष्ठ सेक्रेटरी ब्रीडा म्हणाली, "किल्ल्या प्रेसमध्ये आहेत," आणि मी अर्धा तास छापखाना शोधत फिरले. प्रेस म्हणजे कपाट. ब्रीडा त्यावर इतकी हसली की तिचा चहा सांडला. "ग्रँड," म्हणाली, म्हणजे इथलं 'छान, चालेल', "आता तू आमची झालीस."

परीक्षेच्या आदल्या दिवशी जिम्नॅशियमचं रूप पालटायचं. बास्केटबॉलच्या पिवळ्या-लाल रेघांवर बाकांच्या रांगा लागायच्या, आणि प्रत्येक बाकाच्या उजव्या कोपऱ्यात मी नंबराची चिठ्ठी चिकटवायची. रिकाम्या हॉलमध्ये माझ्याच चपलांचा आवाज मागून यायचा. उंच काचांमधून ऊन तिरपं उतरायचं आणि एकेक बाक उजळत, विझवत सरकायचं. मला ते काम फार आवडायचं. उद्या इथे कुणीतरी बसणार, त्याचा घसा कोरडा पडणार, आणि आज त्याची जागा मी हातानं पुसून ठेवते आहे. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली घामानं चिकटलेल्या उत्तरपत्रिकेवर मी बी.एस्सी.चं गणित सोडवलं होतं. इथे पेपराला थंड वारा आणि समुद्रपक्ष्यांचा कलकलाट.

त्या वर्षी परीक्षेच्या पाच दिवस आधी ओर्लाचं मनगट मोडलं. कमोगी खेळताना. हॉकीसारखीच काठी घेऊन खेळायचा हा इथल्या मुलींचा खेळ. ओर्ला सतरा वर्षांची, उंच, खांद्यात रुंद, चालताना दोन पायऱ्या एकदम चढणारी. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि त्यावर संघातल्या सगळ्या मुलींच्या सह्या. अशा विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. ठरलेला लेखनिक ऐन वेळी आजारी पडला. मग ब्रीडा माझ्या टेबलापाशी आली.

"वैशाली, तुझं अक्षर दाखव."

मी रजिस्टर पुढे केलं. सीताबर्डीच्या शाळेत बाईंनी पट्टीच्या धाकानं वळवून घेतलेलं माझं इंग्रजी अक्षर ब्रीडानं चष्मा वर करून बघितलं आणि ते रजिस्टर तसंच प्रिन्सिपल बाईंकडे नेलं. प्रिन्सिपल बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "ओर्लाच्या पेपरांपैकी कुठला विषय तुम्ही शिकवता का?" मी नाही म्हटलं. शिकले आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नियमांचा कागद एका पानाचा होता. उमेदवार बोलेल तेच लिहायचं. सुचवायचं नाही, सुधारायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मागितलं तर लिहिलेलं वाचून दाखवायचं. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं. खाली मी सही केली.

आम्हाला दिलेली खोली फ्रेंचच्या कॅसेटी ठेवायची होती. एक टेबल, दोन खुर्च्या, मैदानाकडे उघडणारी खिडकी. दार सताड उघडं, आणि दर थोड्या वेळानं तिथून डोकावून जायचे मिस्टर टायर्नी, बाहेरून आलेले पर्यवेक्षक. निवृत्त मास्तर, पश्चिमेकडच्या खेड्यातले, इतक्या हलक्या पावलांचे की त्यांच्या आधी त्यांच्या तंबाखूचा वास यायचा.

पहिला पेपर इंग्रजीचा. ओर्लानं गुलाबी प्रश्नपत्रिका डाव्या हातानं उलटली, बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि मग निबंध सांगायला लागली. तिच्या वडिलांविषयी होता. ते इंग्लंडला बांधकामावर जायचे, आणि एका वर्षी ज्या बोटीनं यायचे होते त्या बोटीतून उतरले नाहीत. एवढंच सांगते. बाकीचं त्या खोलीत ठेवायचं असं मी सही करून कबूल केलं आहे.

पण लिहितानाचं काही माझंही आहे, ते सांगता येईल. ती 'मी' म्हणायची आणि मी 'मी' लिहायची. तासभर माझ्या हातानं कुणा दुसरीचं 'मी' लिहिलं. 'माझे वडील' असं लिहिताना बंदरावरचा वारा, बोटीचा भोंगा, आईच्या कोटाची बाही घट्ट धरलेली चार बोटं, हे सगळं माझ्या सीताबर्डीच्या वळणाच्या अक्षरात कागदावर उतरत होतं. मधेच ती थांबायची तेव्हा गवत कापायच्या यंत्राची घरघर दुरून जवळ येत पुन्हा दूर जायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी कागदाकडे बघत राहिले, कारण चेहऱ्यावर काही दाखवायचं नव्हतं. वाक्य संपलं की ती म्हणायची, "फुल स्टॉप, मिस," आणि मी पूर्णविराम द्यायची. इतक्या हलक्या हातानं मी आयुष्यात कधी पूर्णविराम दिला नव्हता.

त्या जूनमध्ये आई नागपूरहून आलेली होती. संध्याकाळी ती मागच्या अंगणात खुर्ची टाकून सूर्य मावळायची वाट बघायची, आणि सूर्य काही मावळायचा नाही. "काहून वं, इथं दिवेलागण होतच नाही का?" देवापुढचा दिवा उजेडात लावायला तिला अवघड वाटायचं. मी घरी आले की ती माझा हात हातात घेऊन बोटं दाबून द्यायची. "पेपर त्या पोरीचा अन् बोटं दुखते माह्या पोरीचे. बाप्पा!" आणि मग हळूच, "हुशार हाये का पण ते?"

हुशार होतीच. ओर्लाला सर्व्हेइंगला जायचं होतं. तेव्हा शहरात जिकडे बघावं तिकडे क्रेन उभ्या, लुआस ट्रामसाठी रस्ते खणलेले, आणि खांद्यावर तिपाई घेऊन जमीन मोजणारी माणसं दिसली की ती बसमधून मान वळवून बघायची. असं तिनेच सांगितलं, पेपर सुरू व्हायच्या आधीच्या पाच मिनिटांत, डाव्या हातानं सफरचंद खात. त्यासाठी तिला गणिताच्या वरच्या पातळीच्या पेपरात 'सी' श्रेणी हवी होती. गणित हाच तिचा धाक.

गणिताच्या पेपरची सकाळ मला उन्हासकट आठवते. टेबलावर उन्हाचा चौकोन पडला होता आणि तिचं प्लास्टर त्यात पांढरं लखलखत होतं. गणित तोंडानं सांगणं अवघड. ती डोळे मिटून सांगायची, जणू पापण्यांच्या आत फळा होता. एक्सचा वर्ग, वजा सहा एक्स, कंस सुरू, कंस पूर्ण. मी लिहीत होते, आणि लिहिता लिहिता माझ्या डोक्यात, मी न बोलावता, मराठीतून गणित सुरू झालं होतं. पाढे आपल्या भाषेतच राहतात. माणूस कुठेही गेला तरी तेवढे गावाकडेच राहतात.

पाचव्या प्रश्नात ती म्हणाली, "वजा चार गुणिले वजा दोन, म्हणजे वजा आठ."

माझ्या आत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, उणे उणे अधिक.

आणि पेन थांबलं.

किती वेळ? एका श्वासाइतका. त्याहून जास्त नाही. मग मी 'वजा आठ' लिहिलं, तिनं सांगितलं तसंच. ती पुढे गेली. तीन ओळींनंतर उत्तरं वेडीवाकडी यायला लागली, वर्गमुळात अडकली. ओर्लानं डोळे उघडले.

"मिस, वरपासून वाचून दाखवा."

मी वाचलं. आवाज सपाट ठेवला, इतका सपाट की मलाच तो परका वाटला. त्या ओळीशी आल्यावर ती खुर्चीतच उडाली. "प्लस! अरे देवा, प्लस आठ आहे ते. खोडा." मी खोडलं. पुढचं गणित न अडता, एकेक आकडा करत सुटत गेलं.

पेपर संपला, ती दोन-दोन पायऱ्या उतरत मैत्रिणींकडे गेली आणि मी त्या खोलीत बसून राहिले. चूक तिची तिनं शोधली होती. उत्तर बिघडलं म्हणून कुठलाही शहाणा विद्यार्थी मागे वळून बघेल तसंच. पण माझं पेन थांबलं होतं. नेमकं तिथेच थांबलं होतं. मी काही सुचवलं नाही असं सही करून सांगायचा कागद समोर होता, आणि त्यावर सही करायला माझा हात उचलेना.

मी मिस्टर टायर्नींना सगळं सांगितलं.

"तुम्ही काही बोललात?"

"नाही."

"बोटानं, डोळ्यानं काही खूण?"

"नाही. पेन थांबलं."

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं," ते सावकाश म्हणाले. "पण आता सांगितलंत. आता मला ते लिहावं लागणार. तुम्ही प्रामाणिक बाई आहात, आणि मला आज तुमचा थोडा रागही आला आहे. दोन्ही खरं."

त्यांनी अहवाल लिहिला. दुपारी प्रिन्सिपल बाईंनी मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. उरलेल्या पेपरांना दुसऱ्या शाळेतल्या एक निवृत्त शिक्षिका येतील म्हणाल्या, आणि गणिताच्या पेपरचं काय करायचं ते वरचं परीक्षा कार्यालय ठरवेल. ओर्लाच्या घरी त्यांनीच फोन केला.

दुसऱ्या दिवशी ओर्ला मला कॉरिडॉरमध्ये भेटली. भेटली म्हणजे समोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, नाकावरचे ठिपके तेवढे उठून दिसत होते.

"तुम्ही त्यांना सांगितलंत की मी कॉपी केली."

"तुझ्याबद्दल नाही गं सांगितलं. माझ्याबद्दल सांगितलं. माझी चूक—"

"पण पेपर माझा होता," ती म्हणाली.

आणि गेली. मला तिच्या मागे जाता आलं नाही, कारण पाच मिनिटांनी घंटा होती आणि ती वेळेवर वाजते का बघणं माझं काम होतं.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. इथल्या तांदळात खडा नसतो हे सांगूनही रोज निवडायची. ऐकून घेतलं, ताट बाजूला ठेवलं. "खरं सांगतलं ते बरंच केलं. तुह्या बापानंही तेच केलं असतं. पन घाव कोनाले बसला? तुले त नाही बसला. त्या पोरीच्या घरी जाऊन ये एकडाव."

गेले. लाल विटांच्या जुळ्या घरांची रांग, दारात डेझीची फुलं. ओर्लाच्या आईनं दार उघडलं. बारीकशी बाई, हातात ओला कपडा. ओर्ला घरात होती, वर तिच्या खोलीतली फळी करकरताना ऐकू आली, पण ती खाली आली नाही. तिच्या आईनं मला चहा दिला, बिस्किटं दिली, हवेबद्दल बोलली. या देशात वाईट प्रसंगी हवेबद्दल बोलतात, आणि त्यात किती माया असते ते मला त्या दिवशी कळलं. निघताना तिनं माझा दंड धरला. "ती येईल हळूहळू. वडिलांवर गेलीय, राग धरते." आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं दचकून हातातला ओला कपडा पिळत राहिली.

जुलै. जुलैची शाळा म्हणजे पाणी काढून घेतलेलं तळं. वर्गांच्या खुर्च्या बाकांवर पालथ्या, लादीला नवं पॉलिश, आणि त्या चकाकीत खिडक्यांची उलटी प्रतिबिंबं. मी पुढच्या वर्षाचं वेळापत्रक बसवत होते. एखाद्या चौकोनात 'गणित' टाईप केलं की हात थबकायचा. रोज टपाल आलं की ब्रीडा आधी लिफाफे चाळायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. अजून नाही. एका अंगणात आई दिवेलागणीची वाट बघत होती आणि दुसऱ्या कुठल्या तरी घरात एक मुलगी एका पत्राची. मी दोघींच्या मधे कुठेतरी, त्या न संपणाऱ्या उजेडात तरंगत होते. झोप लागायची, पण झोपेतही कुणीतरी वाक्य सांगायचं आणि मी लिहायची.

पत्र ऑगस्टच्या सुरुवातीला आलं. दोन ओळी. चौकशी झाली, पेपर ग्राह्य. ब्रीडानं ते माझ्या टेबलावर ठेवलं, स्वतःच्या खुर्चीत जाऊन बसली आणि नाक शिंकरलं. आई त्याच आठवड्यात नागपूरला परत गेली. विमानतळावर तिनं ओर्लाचं नाव घेतलं, "ओरला" म्हणायची ती, आणि निकाल कळव म्हणाली.

निकालाच्या सकाळी पोरांनी ऑफिससमोर दंगा केला. ओर्लानं लिफाफा घेतला, पायऱ्यांवर बसून फोडला, आईला मिठी मारली. गणितात 'सी'. माझ्या खिडकीकडे तिनं बघितलं नाही. मी आईला फोन केला. "झालं ना पोरीचं? मंग झालं," आई म्हणाली. पण माझं झालं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये एका शनिवारी मुलांना त्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बघायला मिळतात. हॉलमध्ये बाक मांडायचे, गठ्ठे लावायचे, दारात रजिस्टर ठेवायचं. सगळं मीच करते. त्या दिवशी ऊन नव्हतं. बारीक, तरंगणारी सर होती, पडते की नुसती उभी आहे ते कळू नये अशी. ओर्ला आली. प्लास्टर निघालेलं, मनगट दुसऱ्या हातापेक्षा बारीक आणि फिकट. ती कोपऱ्यातल्या बाकावर गणिताचा पेपर घेऊन बसली. बराच वेळ बसली. मग हात वर केला, शाळेत करतात तसा.

मी गेले. पाचवा प्रश्न उघडा होता. माझं अक्षर, खोडलेली ओळ, आणि बाजूला तपासनिसाची लाल खूण.

"त्या दिवशी तुमचं पेन थांबलं होतं," ती म्हणाली. "पेनाची खरखर थांबली, त्यावरून मला कळलं होतं."

मी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला वाटलं, तुमचा हात दुखतोय. एवढं लिहून लिहून. म्हणून मी पुढचं हळू सांगायला लागले."

आणि मला आठवलं, खरंच, त्यानंतर ती हळू झाली होती. प्रत्येक आकड्यानंतर थांबत होती. मी समजत होते की ती विचार करते आहे.

"मग जूनमध्ये का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं?" तिचा आवाज चढला नाही. "प्रिन्सिपलनी तुम्हाला विचारलं. तुमच्या त्या टायर्नींनी तुम्हाला विचारलं. मला सगळ्यांनी नुसतं सांगितलं. तुम्ही पण, मिस. खोलीत आपण दोघीच होतो, आणि तुम्ही सरळ उठून त्यांच्याकडे गेलात. मला विचारायचं होतं ना आधी."

खरं होतं. इतके आठवडे मी स्वतःच्या मनात स्वतःचीच साक्ष काढत होते, आणि दुसऱ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय दिसलं हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मिस्टर टायर्नींना मी सांगितलंच असतं, आजही सांगेन. पण आधी तिच्यापाशी थांबायला हवं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुला विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "ग्रँड." आणि मग पहिल्यांदाच थोडंसं हसली. "हात दुखत होता का पण?"

"दुखत होता."

"वाटलंच."

पेपर बंद करून तिनं गठ्ठ्यावर ठेवला. जाताना रजिस्टरमध्ये सही करायची असते. मी पेन पुढे केलं. तिनं ते उजव्या हातात धरलं, अजून अवघडलेल्या बोटांनी, आणि ओळीवर वाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हिचे इतके शब्द लिहिले, पण हिचं अक्षर कधी पाहिलंच नाही. मोठं होतं, डावीकडे कललेलं, ओळ सोडून वर निघालेलं. माझ्या अक्षराशी त्याचं काहीही नातं नव्हतं. तिला वेळ लागत होता, मागे तीन-चार मुलं खोळंबली होती, कुणीतरी चुळबुळ केली.

"सावकाश," मी म्हटलं, आणि रजिस्टरचा कोपरा हातानं दाबून धरला, पान हलू नये म्हणून.